चौदा जाणकार आणि एक लॅपटॉप: गॅजेट्स व कंपन्यांबद्दल तज्ज्ञांची मतं गोळा करण्याची रीत

अडीच वर्षांपूर्वी एका लॅपटॉपच्या मॉडेलबद्दल मी चौदा जाणकारांना एकाच चॅट ग्रुपमध्ये घेतलं आणि विचारलं, ‘हे मॉडेल घ्यावं का?’ पहिलं उत्तर चार मिनिटांत आलं. ज्यांनी दिलं त्यांचा शब्द या वर्तुळात सगळे मानतात. त्यांनी लिहिलं, ‘डोळे झाकून घ्या.’ पुढच्या तासाभरात अकरा जणांनी त्याला दुजोरा दिला. दोघं गप्प राहिले. चौदापैकी बारा बाजूने, म्हणजे कौल स्पष्ट आहे, असं मी धरून चाललो.

आठवड्याने त्या गप्प राहिलेल्यांपैकी एकाला दुसऱ्याच कामासाठी फोन केला. ते लॅपटॉप दुरुस्त करतात. बोलता बोलता म्हणाले, ‘स्क्रीन चांगली आहे, कीबोर्ड चांगला आहे. पण बिजागरी ज्या पितळी नटांना कसलीय, ते नट नुसते प्लास्टिकच्या खांबांत रोवलेत. वर्षभर झाकण उघडमीट झालं की खांब तडकतात. मग झाकण उचलायला गेलं की त्याच्याबरोबर खालच्या बॉडीचा कोपराच फाकतो.’ ग्रुपवर का नाही सांगितलंत, असं मी विचारलं. ‘सरांनी चांगलं म्हटल्यावर मी मध्ये कशाला बोलू?’

त्यांची यात काही चूक नव्हती. चूक माझ्या मांडणीची होती. मतं गोळा करणं अजिबात अवघड नाही. ती एकमेकांत मिसळू न देता गोळा करणं अवघड आहे. त्यानंतर मी हे काम ज्या पद्धतीने करू लागलो, ती पद्धत इथे देतो आहे. एखाद्या संस्थेसाठी खरेदी ठरवायची असो, लेख लिहायचा असो किंवा मित्रमंडळींसाठी शिफारशींची यादी करायची असो, पायऱ्या याच.

आधी प्रश्न फोडा

‘ही कंपनी चांगली आहे का?’ या प्रश्नाला प्रत्येकजण आपल्या मनातल्या वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर देतो. एकाच्या मनात कॅमेरा असतो, दुसऱ्याच्या मनात सर्व्हिस सेंटरचा अनुभव, तिसऱ्याच्या मनात कंपनीचा शेअर. मग ‘चांगली’ या एका शब्दाखाली तीन वेगळ्या गोष्टींची बेरीज होते आणि ती बेरीज कशाचीच नसते.

म्हणून मोठा प्रश्न इतका फोडायचा की उत्तर पुढे कधीतरी खरं किंवा खोटं ठरवता येईल. ‘बॅटरी कशी आहे?’ असं न विचारता ‘५०० वेळा चार्ज झाल्यावर मूळ क्षमतेच्या ८० टक्क्यांहून जास्त क्षमता उरली असेल, याची शक्यता किती टक्के?’ असं विचारा. ‘अपडेट मिळतात का?’ याऐवजी ‘आजपासून ३ वर्षांनी या मॉडेलला सुरक्षा अपडेट मिळत असतील, याची शक्यता किती टक्के?’

टक्क्यांचा आग्रह मी मुद्दाम धरतो. १९५१ साली अमेरिकेच्या सीआयए या गुप्तचर संस्थेतल्या शर्मन केंट यांच्या विभागाने युगोस्लाव्हियावरच्या हल्ल्याची ‘गंभीर शक्यता’ आहे असा अहवाल दिला. नंतर केंट यांनी तो अहवाल लिहिणाऱ्या आपल्याच सहकाऱ्यांना विचारलं, की या शब्दांनी तुम्हाला नेमकं किती अभिप्रेत होतं? उत्तरं २० टक्क्यांपासून ८० टक्क्यांपर्यंत पसरलेली निघाली. एका वाक्यावर सह्या करणाऱ्यांची ही गत, तर वेगवेगळ्या ठिकाणी बसून ‘बहुतेक टिकेल’ लिहिणाऱ्यांचं काय सांगावं? आकडा मागितला की माणूस थांबून विचार करतो, आणि तेवढ्यानेही उत्तराचा दर्जा सुधारतो.

एका गॅजेटसाठी सहा ते आठ प्रश्न पुरे. त्याहून जास्त असले की लोक शेवटचे प्रश्न घाईत उरकतात.

कुणाला विचारायचं

‘तज्ज्ञ’ म्हटलं की समीक्षा करणारे आणि मोठ्या पदावरचे लोक डोळ्यांसमोर येतात. त्यांना जरूर घ्या, पण तेवढ्यांवर थांबू नका. एकाच वस्तूची वेगवेगळी अंगं वेगवेगळ्या लोकांच्या हाताखालून जातात.

समीक्षकाला एकाच महिन्यात पाच-सहा फोन हाताळायला मिळतात, त्यामुळे तुलना करावी ती त्यानेच. पण त्याच्या हातात वस्तू आठ-दहा दिवस असते. दुरुस्ती करणाऱ्याला दोन वर्षांनंतरची वस्तू दिसते: कुठला पोर्ट सैल होतो, कुठला फ्लेक्स (आतली पातळ, लवचीक केबल) तुटतो, बॅटरी किती गोंद लावून चिकटवली आहे, सुटा भाग किती दिवसांत येतो. हार्डवेअर इंजिनियर बोर्ड पाहून सांगतो, की इथे उष्णता साठणार. सुरक्षा संशोधकाला माहीत असतं, की त्रुटी कळवल्यावर कंपनी किती दिवसांनी जागी होते. विक्रीनंतरची तक्रार हाताळणाऱ्याला वॉरंटी नाकारण्याची नेहमीची कारणं पाठ असतात. आणि स्क्रीन रीडर, म्हणजे स्क्रीनवरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, वापरणारी अंध व्यक्ती एखाद्या फोनच्या सुगम्यतेबद्दल जे सांगेल, ते डोळस समीक्षकाला महिनाभर वापरूनही सांगता येणार नाही. त्या विषयातली तज्ज्ञ तीच.

वेगवेगळी नजर का हवी, याचं ठळक उदाहरण म्हणजे सॅमसंगचा गॅलेक्सी नोट ७. हा फोन ऑगस्ट २०१६ मध्ये बाजारात आला. सुरुवातीच्या समीक्षांत त्याचं भरभरून कौतुक झालं, आणि ते कौतुक करणारे खोटं बोलत नव्हते. स्क्रीन, कॅमेरा, पेन, सगळं त्यांनी पाहिलं होतं. बॅटऱ्या पेट घेऊ लागल्या, सप्टेंबरच्या सुरुवातीला फोन परत बोलावले गेले, बदलून दिलेलेही पेटले आणि ऑक्टोबरमध्ये उत्पादन कायमचं थांबलं. जानेवारी २०१७ मध्ये कंपनीने जाहीर केलेल्या तपासात दोन पुरवठादारांच्या बॅटऱ्यांमध्ये दोन वेगवेगळे दोष निघाले. पंचवीस समीक्षकांना विचारलं असतं तरी हे पहिल्या आठवड्यात कळलं नसतं, कारण पंचवीसही जण एकाच खिडकीतून बघत होते.

यावरून माझा नियम: संख्या वाढवण्याआधी खिडक्या वाढवा. सहा प्रकारच्या कामांतले प्रत्येकी दोघं, म्हणजे बारा जण, हे मला एकाच प्रकारच्या चाळीस जणांपेक्षा जास्त उपयोगाचे वाटतात. चाळीस जणांनी तीच दोन परीक्षणं वाचून मत बनवलं असेल, तर तुमच्याकडे चाळीस मतं नसतात, दोन असतात.

प्रत्येक व्यक्तीला सगळे प्रश्न पाठवले तरी चालतील, मात्र ‘मला माहीत नाही’ हा पर्याय प्रत्येक प्रश्नाला ठळकपणे ठेवा. आणि तो निवडणाऱ्याचे आभार माना, अगदी मनापासून. आपल्या माहितीची हद्द ओळखणारा माणूस पुढच्या वेळी सर्वांत आधी बोलवावा असा असतो.

हितसंबंध आधी, मत नंतर

प्रश्नांच्या वर चार ओळी ठेवायच्या. ही वस्तू तुम्हाला कंपनीकडून मोफत किंवा परतीच्या बोलीवर मिळाली का? या कंपनीत किंवा तिच्या स्पर्धक कंपनीत तुम्ही काम करता किंवा केलं आहे का? तुमच्याकडे यांपैकी कुणाचे शेअर आहेत का? या वस्तूच्या विक्रीतून तुम्हाला कमिशन मिळतं का?

उत्तर ‘हो’ आलं म्हणून त्या व्यक्तीला वगळायचं नाही. कंपनीत काम केलेला माणूस आतली रचना जाणतो. फक्त त्याचं मत कुठल्या जागेवरून आलं आहे ते मताशेजारी लिहिलेलं हवं. आणि जो सध्या नोकरीत आहे त्याला गोपनीयतेचा करार मोडायला लावणारा प्रश्न विचारू नये. तुमचा लेख दोन दिवसांत जुना होईल, त्याची नोकरी मात्र जाईल.

मानधन देणार असाल तर सगळ्यांना सारखंच द्या आणि उत्तर काहीही आलं तरी द्या. मोबदला देणं शक्य नसेल, तर गोळा झालेला सगळा निकाल प्रत्येकाला पाठवण्याचं वचन द्या आणि ते पाळा. माझा अनुभव असा, की बऱ्याच जाणकारांना पैशांपेक्षा ‘बाकीच्यांनी काय म्हटलं’ हे कळण्याची ओढ जास्त असते.

पहिली फेरी: एकेकट्याला

साऱ्या पद्धतीचा कणा ही पायरी आहे. बाकी काही जमलं नाही तरी एवढं करा.

१९०६ साली इंग्लंडमधल्या प्लिमथ इथे एका प्रदर्शनात बैलाचं वजन ओळखायची स्पर्धा झाली. कापून साफ केल्यावर मांस किती पौंड भरेल, ते चिठ्ठीवर लिहून द्यायचं होतं. फ्रान्सिस गाल्टन या शास्त्रज्ञाने नंतर त्या चिठ्ठ्या मिळवल्या. वाचता येण्याजोग्या ७८७ होत्या. त्या चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा अंदाज १२०७ पौंड होता, प्रत्यक्ष वजन ११९८ भरलं. १९०७ साली हे ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात छापून आलं आणि तेव्हापासून ‘समूहाचं शहाणपण’ म्हटलं की हा बैल हजर होतो. पण गोष्ट सांगताना चिठ्ठीचा मुद्दा बहुतेक वेळा निसटतो. ७८७ जणांनी आपापला आकडा वेगळा लिहिला होता. कुणी पुढे उभं राहून मोठ्याने वजन सांगत नव्हतं.

ते सांगितलं असतं तर काय झालं असतं, हेही तपासून झालेलं आहे. २०११ साली झुरिचमध्ये १४४ विद्यार्थ्यांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. इतरांचे अंदाज दाखवल्यावर लोकांचे आकडे एकमेकांच्या जवळ सरकले, पण खऱ्या उत्तराच्या जवळ गेले नाहीत. वर त्यांची स्वतःबद्दलची खात्री तेवढी वाढली. २०१३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेल्या दुसऱ्या प्रयोगात संशोधकांनी बातम्यांच्या एका वेबसाइटवरच्या काही टिप्पण्यांना, त्या प्रकाशित होताच, कसलाही विचार न करता एक अनुकूल मत देऊन टाकलं. त्या एका मतामुळे अशा टिप्पण्यांचं अंतिम मानांकन सरासरी २५ टक्क्यांनी वर गेलं. माझ्या ग्रुपवर ‘डोळे झाकून घ्या’ या तीन शब्दांनी हेच केलं होतं.

तेव्हा प्रत्येकाला स्वतंत्र फॉर्म पाठवा. इतर कोण उत्तर देणार आहे ते सांगू नका. फॉर्ममध्ये तुमचं स्वतःचं मत डोकावू देऊ नका; ‘या उत्तम फोनबद्दल’ अशी सुरुवात केलीत तर तिथेच खेळ संपला. सगळ्यांना एकच मुदत द्या, पाच-सात दिवसांची.

ज्यांना लिहायचा कंटाळा आहे त्यांच्यासाठी दहा मिनिटांचा फोन ठेवा. दुरुस्ती करणारे, कारखान्यात काम करणारे, दुकानात बसणारे लोक फॉर्म उघडतीलच असं नाही, पण बोलायला लागले की त्यांच्याकडून सोनं मिळतं. त्यांचं बोलणं लिहून घ्या आणि फोन ठेवण्याआधी वाचून दाखवा. ‘असंच म्हणायचंय ना?’ या प्रश्नावर निम्म्या वेळा ते एखादी दुरुस्ती सुचवतात.

मोजलं, पाहिलं की ऐकलं

प्रत्येक उत्तराखाली मी तीनच पर्याय ठेवतो: स्वतः मोजलं, स्वतः पाहिलं, ऐकलं किंवा वाचलं. आणि पुढे दोन रिकाम्या जागा: किती नगांवरून, आणि कोणत्या तारखेच्या सुमारास. फर्मवेअरची, म्हणजे वस्तूच्या आतल्या सॉफ्टवेअरची, आवृत्ती ठाऊक असेल तर तीही. एका अपडेटने कॅमेरा सुधारतो किंवा बॅटरी बसते, त्यामुळे तारीख नसलेलं मत अर्धवट असतं.

‘मोजलं’ म्हटलं तरी कसं मोजलं ते विचारावं. २०१८ मध्ये थ्रीडीमार्क या वेगचाचणीची निर्माती संस्था यूएल हिने ह्वावेचे काही फोन आपल्या क्रमवारीतून काढून टाकले. सर्वांना मिळणारं चाचणीचं ॲप ओळखून ते फोन जास्तीचा जोर लावत होते, आणि तीच चाचणी फोनला ओळखता न येणाऱ्या खासगी आवृत्तीत घेतली की आकडे खाली येत. तेव्हापासून कुणी वेगाचा आकडा दिला की मी विचारतो, चाचणी सलग किती मिनिटं चालवली? चार्जर लावलेला होता का? रोजच्या वापरातलं काही मोजलंत का?

‘पाहिलं’ या प्रकारात वेगळाच धोका आहे, आणि त्यात मी अनेकदा फसलो आहे. दुरुस्ती करणाऱ्याकडे बिघडलेल्याच वस्तू येतात. समजा, एका मॉडेलचे १००० नग विकले गेले आणि ४० दुरुस्तीला आले. दुसऱ्याचे ५० विकले गेले आणि ५ आले. टेबलावर पहिल्या मॉडेलचा ढीग दिसतो आणि ‘हे फार बिघडतं’ असं मत बनतं. प्रत्यक्षात पहिल्याचं प्रमाण ४ टक्के, दुसऱ्याचं १०.

एकूण विक्री त्या माणसाला माहीत नसते, मग करायचं काय? प्रश्न फिरवायचा. ‘या मॉडेलचे जेवढे तुमच्याकडे आले, त्यांतले किती याच कारणासाठी आले? आणि इतर मॉडेलांत याच कारणाचं प्रमाण साधारण किती असतं?’ बिजागरीवाल्यांना मी हेच विचारलं. उत्तर आलं, ‘या मॉडेलचे नऊ आले, त्यात सहा बिजागरीचे. बाकी लॅपटॉपांत दहातला एखादा.’ आता या माहितीला वजन आलं. किती विकले गेले हे ठाऊक नसलं तरी नऊपैकी सहा आणि दहातला एक यांतला फरक बोलतो. नंतर त्यांनी एका तुटलेल्या बॉडीचा फोटो पाठवला. प्लास्टिकचा खांब उभा चिरलेला, पितळी नट स्क्रूला तसाच चिकटून बाहेर आलेला. शंका घ्यायला जागा उरली नाही.

विखुरलेलं पाहणं आणि नेमकं मोजणं एकत्र आलं की काय होतं, याचं माझं आवडतं उदाहरण डिसेंबर २०१७ मधलं आहे. एका वापरकर्त्याच्या लक्षात आलं, की जुन्या आयफोनची बॅटरी बदलल्यावर त्याचा वेग पुन्हा वाढला. एका माणसाचा अनुभव, एवढ्यावरून काय ठरणार? पण गीकबेंच ही वेगचाचणी बनवणाऱ्या जॉन पूल यांच्याकडे असंख्य लोकांनी आपापल्या फोनवर घेतलेल्या चाचण्यांचे आकडे आधीच जमा होते. त्यांनी आयफोन ६एसचे आकडे आयओएसच्या, म्हणजे आयफोनच्या मूळ सॉफ्टवेअरच्या, आवृत्तीनुसार वेगळे करून आलेख काढले. १०.२.० या आवृत्तीत जवळपास सगळे फोन एका उंच शिखराभोवती होते. १०.२.१ पासून त्या शिखराच्या खालच्या बाजूला छोटी छोटी शिखरं उगवली होती. म्हणजे काही फोन ठरावीक पातळ्यांवर मंद केले जात होते. दोन दिवसांत ॲपलने मान्य केलं, की जुनी बॅटरी ताण सहन न होऊन फोन अचानक बंद पडू नये म्हणून वेग आवरला जातो. महिना संपण्याआधी कंपनीने माफी मागितली आणि बॅटरी बदलण्याचा दर कमी केला. ते आकडे पाठवणाऱ्या लोकांपैकी कुणीही या प्रश्नाचा विचार करून चाचणी घेतली नव्हती. म्हणूनच त्या आकड्यांवर विश्वास ठेवता आला.

दुसरी फेरी: कारणं सांगा, नावं नको

पहिल्या फेरीची उत्तरं आली की लगेच निकाल लावू नका. १९५० च्या दशकात अमेरिकेतल्या रँड संस्थेत ‘डेल्फाय’ नावाची पद्धत बनली. तज्ज्ञांची उत्तरं नावं झाकून परत त्यांच्यासमोर ठेवायची आणि विचारायचं, आता काही बदलावंसं वाटतं का? मी तिचं छोटं रूप वापरतो.

प्रत्येक प्रश्नासाठी एक परिच्छेद तयार करायचा: सर्वांत कमी आकडा आणि त्यामागचं कारण, सर्वांत जास्त आकडा आणि त्यामागचं कारण, फोटो किंवा मोजमाप असेल तर ते. कुणाचं नाव नाही, हुद्दा नाही. बहुमत कुठे आहे तेही या टप्प्यावर सांगायचं नाही, नाहीतर ग्रुप चॅटमधला दबाव मागच्या दाराने परत येतो. मग विचारायचं: ‘ही कारणं वाचून तुमचा आकडा बदलतो का? बदलला तर का, नाही तर का?’

लॅपटॉपच्या बाबतीत मी त्याच चौदा जणांना नव्याने, वेगवेगळे फॉर्म पाठवले. पहिल्या दोन वर्षांत बिजागरीची दुरुस्ती लागण्याची शक्यता किती, या प्रश्नावर अकरा जणांनी ३ ते १० टक्क्यांच्या दरम्यान लिहिलं. दोघांनी ‘माहीत नाही’. एकाने ३५. दुसऱ्या फेरीत तो चिरलेला खांब सगळ्यांसमोर गेला. दोन हार्डवेअर इंजिनियरांनी आपल्याकडचा नग उघडून पाहिला आणि आकडे वाढवले, एकाने तर थेट ३० केला. ‘डोळे झाकून घ्या’ म्हणणाऱ्यांनी लिहिलं, ‘मी हे आतून कधी पाहिलं नव्हतं. आता १५.’ माझा त्यांच्याबद्दलचा आदर त्या दिवशी वाढला.

दोनच फेऱ्या. तिसरीत लोक कंटाळून मधल्या आकड्याकडे सरकतात.

एकत्र करताना

आकड्यांसाठी सरासरीपेक्षा मध्यक घ्या, म्हणजे चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा. एखाद्याने चुकून किंवा रागाने ९५ लिहिलं तरी तो फारसा हलत नाही. मध्यकाच्या शेजारी पसारा, म्हणजे सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त आकडा, लिहायलाच हवा. मध्यक ५ आणि सगळे ३ ते १० मध्ये, हे वेगळं. मध्यक ५ आणि एकजण ३५ वर अडून बसलेला, हे वेगळं.

कारण मध्यक अंदाजासाठी चांगला असला तरी दोष शोधायला अजिबात उपयोगाचा नाही. बैलाच्या वजनात प्रत्येकाला थोडं थोडं दिसत होतं. बिजागरीचा खांब एकालाच दिसला होता, आणि पहिल्या फेरीच्या मध्यकाने त्याला पार पुसून टाकलं असतं. म्हणून माझ्या तक्त्यात एक वेगळा रकाना असतो: ‘एकट्याने सांगितलेलं’. त्यात आलेली प्रत्येक गोष्ट मी स्वतंत्रपणे तपासतो, मग ती बहुमताच्या कितीही विरुद्ध असो. त्यातल्या पुष्कळशा गोष्टी हाती काही लागू देत नाहीत. जी एखादी खरी निघते तिच्यासाठी ही सगळी मेहनत असते.

हो किंवा नाही अशा प्रश्नांसाठी एक छान युक्ती आहे. ती ड्राझेन प्रेलेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये ‘नेचर’मध्ये मांडली. स्वतःच्या उत्तराबरोबर ‘बाकीच्यांपैकी किती टक्के लोक हो म्हणतील?’ हेही विचारायचं. त्यांचं उदाहरण असं: फिलाडेल्फिया ही पेनसिल्व्हेनियाची राजधानी आहे का? पुष्कळ लोक हो म्हणतात, कारण शहर प्रसिद्ध आहे. ज्यांना खरी राजधानी हॅरिसबर्ग आहे हे ठाऊक असतं, त्यांना हेही ठाऊक असतं की बहुतेक जण चुकणार. त्यामुळे ‘नाही’ची मतं सगळ्यांनी बांधलेल्या अंदाजापेक्षा जास्त निघतात. जे उत्तर अपेक्षेपेक्षा जास्त लोक देतात, त्याच्याकडे झुकायचं. ‘या कंपनीची सेवा चांगली आहे का?’ अशा प्रश्नात, जिथे जाहिरातीने एक लोकप्रिय समज तयार केलेला असतो, तिथे हे विशेष उपयोगी पडतं.

प्रश्न कंपनीबद्दल असेल तर

गॅजेट हातात धरता येतं, कंपनी नाही. म्हणून कंपनीबद्दल मत कमी आणि इतिहास जास्त मागावा. तिने आधी दिलेली वचनं कोणती, त्यांतली किती पाळली, किती उशिरा? गूगलने पिक्सेल ८ साठी ऑक्टोबर २०२३ मध्ये आणि सॅमसंगने गॅलेक्सी एस२४ साठी जानेवारी २०२४ मध्ये ७ वर्षांच्या अपडेटची घोषणा केली. ही घोषणा चांगलीच आहे, पण ती तपासण्याचा मार्ग एकच: याच कंपन्यांनी जुन्या मॉडेलांना शेवटच्या वर्षी अपडेट किती वेळेवर दिले, हे ज्याने नोंदवून ठेवलं आहे त्याला गाठायचं.

दुसरा हमखास विचारायचा प्रश्न: कंपनीचा सर्व्हर बंद झाला तर ही वस्तू काय काय करू शकेल? रेवॉल्व्ह नावाचं घरातली उपकरणं चालवणारं हब होतं. २०१४ मध्ये गूगलच्या मालकीच्या नेस्टने ती बनवणारी कंपनी घेतली, मे २०१६ मध्ये सेवा बंद केली आणि लोकांच्या घरातली चालू हबं निरुपयोगी झाली. पेबल या स्मार्टवॉचच्या कंपनीने २०१२ मध्ये लोकवर्गणीतून १ कोटी डॉलरच्या वर निधी उभा केला होता, तरी २०१६ च्या डिसेंबरमध्ये तिने गाशा गुंडाळला. हा धोका समीक्षकाला वस्तू वापरून दिसत नाही. ताळेबंद वाचणारा एक माणूस आणि नेटवर्कवरची ये-जा तपासणारा एक माणूस गटात असला की दिसतो.

कंपनीवर गंभीर आरोप येत असेल तर दोन वेगवेगळ्या, एकमेकांशी संबंध नसलेल्या माणसांकडून आणि शक्यतो कागदाच्या आधाराने खात्री करा, आणि प्रसिद्ध करण्याआधी कंपनीला उत्तर द्यायला पुरेसा वेळ द्या. आलेलं उत्तर काटछाट न करता छापा.

निकाल कसा लिहायचा

एकच तारांकित गुण देऊन मोकळं होऊ नये. माझं एक वाक्य साधारण असं असतं: ‘१४ जणांना विचारलं, १२ जणांनी अंदाज दिला. दोन वर्षांत बिजागरीची दुरुस्ती लागण्याची शक्यता: मध्यक १५ टक्के, पसारा ५ ते ३५. वरच्या टोकाचं मत स्वतः पाहिलेल्या ९ नगांवर आधारलेलं.’ त्याखाली हितसंबंधांची ओळ, मतं घेतल्याची तारीख, आणि असहमतीचं कारण ज्याचं त्याच्या शब्दांत. वाचणाऱ्याला आपली परिस्थिती माहीत असते. लॅपटॉप टेबलावर उघडाच ठेवणाऱ्याने आणि दिवसातून दहा वेळा पिशवीत टाकणाऱ्याने याच वाक्यातून वेगळा निर्णय घ्यावा, आणि तो त्यांना घेता यायला हवा.

नावं छापण्याआधी प्रत्येकाला विचारा. काहींना नाव हवं असतं, काहींना फक्त ‘१२ वर्षं लॅपटॉप दुरुस्ती’ एवढंच.

वही उघडी ठेवा

आता शेवटचं काम, जे एका बैठकीत संपत नाही. प्रत्येक प्रश्नाची तारीख कॅलेंडरवर टाका आणि ती आली की निकाल नोंदवा. ग्लेन ब्रायर या हवामानशास्त्रज्ञाने १९५० मध्ये मांडलेली मोजणी अगदी सोपी आहे. दिलेली शक्यता आणि घडलेली गोष्ट (घडली तर १, नाही तर ०) यांतला फरक काढायचा आणि त्याचा वर्ग करायचा. ८० टक्के म्हणालात आणि घडलं, तर ०.०४. ८० म्हणालात आणि घडलं नाही, तर ०.६४. आकडा जितका लहान तितकं चांगलं. दर वेळी ५० टक्के म्हणणाऱ्याला ०.२५ पडतात. सुरुवातीला हे गुण कुणाला दाखवू नका. फक्त पुढच्या वेळी कोणत्या प्रश्नासाठी कुणाला बोलवायचं, ते ठरवायला वापरा.

गेल्या महिन्यात लॅपटॉपच्या प्रश्नाची तारीख आली. त्या चौदा जणांपैकी पाच जण तेच मॉडेल स्वतः वापरतात. पाचही जणांना फोन केला. दोघांची बिजागरी गेली होती, दोन्ही वेळा डावीकडची. पहिल्या फेरीत ५ टक्के लिहिणाऱ्यांना या पाच नगांवर सरासरी ०.३६ पडले, ३५ लिहिणाऱ्या त्या दुरुस्ती करणाऱ्यांना ०.२४. पाच नग म्हणजे फार काही नाही, आणि मी वहीत तसंच लिहून ठेवलं आहे. पण बिजागरी, पोर्ट आणि बॉडीच्या रकान्यासमोर आता त्या दुरुस्ती करणाऱ्यांचा नंबर पहिला आहे, आणि नव्या यादीचा फॉर्म त्यांना काल गेला.